तिसऱ्या घराची पायरी

१

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी मुक्ताबाई हॉलवर आल्या. फ्रेमसमोर उभ्या राहिल्या, पदरानं चष्मा पुसून पुन्हा नीट पाहिलं, आणि म्हणाल्या, "समदं झ्याक हाय. पन ह्यात मी कुटं हाय?"

आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो.

फ्रेममध्ये क्रॉस स्टिचनं भरलेली, सोलापूरजवळच्या कुंभारी गावातली गल्ली होती. विडी कामगारांच्या वसाहतीतली एकासारखी एक घरं, पत्र्याची छपरं, निळी दारं, प्रत्येक दारापुढे राखाडी पायरी. मुक्ताबाईंची मुलगी ऋतुजा हिनं हा नक्षा स्वतः काढला होता आणि अर्धा भरलाही होता. गेल्या उन्हाळ्यात काविळीनं तिला नेलं. वय बावीस. अशा वयाच्या पोरीचं अर्धवट काम बासनात बांधून ठेवणं आमच्या कोणाच्या जिवाला पटलं नाही. मग दर रविवारी भरतकामाला जमणाऱ्या आमच्या 'फुलीकट्ट्या'तल्या चौघांनी ते आळीपाळीनं पुरं केलं. नियम एकच ठरला होता : ऋतुजानं घातलेल्या एकाही टाक्याला हात लावायचा नाही.

"मावशी, नक्ष्यात माणसं नव्हतीच," काव्या हळूच म्हणाली. काव्या म्हणजे ऋतुजाची जिवलग मैत्रीण, तिनंच ऋतुजाला कट्ट्यावर आणलं होतं.

"नक्ष्यात नसंल. पन दवाखान्यात तिनं घातलं की माज्यासमोर! म्हनली, आई, तुला आपल्या दारात बसवली बघ. तिसरं घर आमचं. हिरवं लुगडं घातलंय म्हनली." मुक्ताबाईंनी तिसऱ्या घराच्या पायरीवर, काचेवरूनच, बोट ठेवलं. तिथं नुसती राखाडी पायरी होती. "तवा माजा चष्मा मोडला हुता. हिरवं कायतरी दिसल्यागत झालं, त्येवडंच. आता काय म्हनावं? पोरगी माजं मन राखायला खोटं बोलली व्हय?"

आमच्यातले वयस्क नरसय्यामामा खाली बघत राहिले. अनवरीनं तोंडावर ओढणी धरली.

मी वैजयंती. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात माझी नोकरी सरली. मेलेल्या माणसाच्या नावावर जिवंत माणसं काय काय थापा मारतात ते ऐकून ऐकून मी इतकी कडू झाले, की निवृत्त झाल्यावर हातात सुई घेतली. म्हटलं, निदान कापड तरी गप्प बसेल. आणि आता हे! पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून मला राहवेना. आयुष्यभर विड्या वळणाऱ्या त्या बाईला पैसाअडका काही नको होता. पोरीनं आपल्याला खरंच त्या दारात बसवलं होतं का, एवढंच तिला हवं होतं.

मुक्ताबाईंना रिक्षात बसवून दिल्यावर मी फ्रेम टेबलावर पालथी घातली.

"हे काय गं वैजू?" अनवरी ओरडली. "उद्या लोक येतील!"

"येऊ देत," म्हटलं. "कात्री दे."

२

फ्रेमचा पाठचा कागद कापून कापड बाहेर काढलं आणि खिडकीशी नेलं.

पुढचं कळण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. क्रॉस स्टिचची प्रत्येक फुली दोन तिरप्या टाक्यांची असते. त्यातला एक खाली जातो, दुसरा वर. वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला झुकला पाहिजे, नाहीतर उजेडात काम ठिगळासारखं दिसतं. आम्हा सगळ्यांचा वरचा टाका उजवीकडे झुकतो. ऋतुजा डावखुरी, तिचा डावीकडे. त्यावरून आम्ही तिला किती छळायचो! पण ती गेल्यावर तीच खूण उपयोगी पडली. कापड जरा तिरपं धरलं की तिचं काम वेगळं चमकायचं. भिंती, बाभळीचं झाड, पाण्याचा नळ, सगळं तिचं तिथल्या तिथं होतं. त्यातला एकही टाका हललेला नव्हता.

मी भिंग घेतलं आणि तिसऱ्या पायरीची पाठची बाजू बघितली. टाके साफ होते, गाठ नव्हती. मग सुईच्या टोकानं दोन राखाडी टाके जरासे उचलले. कापडाच्या विणीत केसाएवढा एक तंतू अडकला होता.

तो हिरवा होता.

मुक्ताबाईंना भास झाला नव्हता, आणि पोरगी खोटंही बोलली नव्हती. तिथं काहीतरी हिरवं होतं, ते कोणीतरी उसवलं होतं आणि वरून राखाडी भरून टाकलं होतं.

कापड दवाखान्यातून आलं ते आधी अनवरीकडे गेलं, तिथून नरसय्यामामांकडे, मग काव्याकडे, शेवटी माझ्याकडे. किनार मी केली, धुतलं, फ्रेमही मीच करून घेतली. माझ्याकडे आलं तेव्हा पायरी राखाडीच होती, एवढं मला नक्की आठवत होतं. राहिले तिघं. तिघंही समोर उभे होते, म्हणून मी सरळ विचारलं, "ऋतुजाचं काही कोणी उसवलं का?"

"अल्ला कसम, नाही," अनवरी म्हणाली.

"मी कशाला उसवू अक्का?" मामा म्हणाले.

"मी तिचा एकही टाका काढलेला नाही," काव्या म्हणाली. "शपथ घेऊ?"

शपथा मी नोकरीत ढिगानं ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही. मी नजर बघते. काव्या शपथ घेत होती माझ्यापुढे, आणि बघत होती नरसय्यामामांकडे.

३

बिजापूर वेशीजवळ अनवरीचं दोऱ्यांचं दुकान आहे. पुढे गिऱ्हाईक, मागच्या खोलीत आमचा कट्टा. मी दुपारी गेले तेव्हा ती लड्या लावत बसली होती आणि माझ्यावर फुगली होती.

"क्या बोलू तुला? फ्रेम फाडली, वर आमच्यावरच शक?"

"शक नाही गं. आठव जरा. कापड तुझ्याकडे आलं तेव्हा तिसऱ्या पायरीवर काय होतं?"

तिनं डोळे मिटले. भरलेलं काम अनवरीला डोळे मिटून दिसतं, हे तिचं खरं आहे. "होतं ना. कायतरी हिरवं. वर थोडं काळं. मला वाटलं तुळस असेल कुंडीतली, तुम्हा लोकांच्या दारात असते ना. टाके एकदम ढिले होते. म्हटलं, बीमार पोरगी, ढिलेच येणार. मी त्याला हातपण नाही लावला. बाजूबाजूनं राखाडी भरली आणि मामांकडे दिलं."

"तुळस! मग सकाळी बोलली का नाहीस?"

"ती बाई माणूस शोधत होती, वैजू. मी कुंडी देखी होती." अनवरीनं हातातली लडी खाली ठेवली. "मला काय ठाऊक, तीच ती होती म्हणून."

मी कापड घेऊन दुकानाच्या दारात, उन्हात आले. हॉलच्या खिडकीतल्या उजेडात न दिसलेली गोष्ट तिथं लगेच दिसली. सगळ्या पायऱ्या राखाडी होत्या, पण तिसरीच्या मधोमध एक बारका तुकडा किंचित निळसर होता.

"ही आपली लडी नाही," अनवरी माझ्या खांद्यावरून म्हणाली. "थांब. जुना राखाडी संपला माझ्याकडचा, पायऱ्या करतानाच. नंतर नवीन माल आला तो असा निळा निळा. मी ठेवलाच नाही दुकानात, परत पाठवला."

"सगळा?"

"एक लडी गेली त्यातली." ती बोलता बोलता थबकली. "काव्यानं नेली. दारं भरायला होती ना तिच्याकडे? दारं तर निळी आहेत. राखाडी कशाला लागला तिला?"

४

सरळ काव्याचं घर गाठायला हवं होतं. पण तिची ती नजर माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून रिक्षा आधी पूर्व भागात, नरसय्यामामांकडे वळवली.

मामांनी उभा जन्म चादरींचे नक्षे काढले. चौकटीच्या कागदावर मोर, कमळं, वेली. कारखाना बंद पडला, बायको गेली, मुलगा हैदराबादला. मग त्यांनी क्रॉस स्टिच हाती घेतलं. बायकांच्या घोळक्यात एकटा बाप्या! पहिले काही दिवस आम्ही त्यांची टर उडवली, पण त्यांचे टाके बघितले आणि आमच्या जिभा जागेवर आल्या.

ते दिवस आता नाहीत. त्यांनी मला चहा दिला तेव्हा कपबशी वाजत होती. कंपवात आहे. टाके ढिले पडतात, रंग चुकतो, घर चुकतं, भलत्याच चौकोनात फुली जाते. मामांना ते दिसत नाही आणि आम्ही दाखवत नाही. त्यांच्या हातून काम पुढे आलं, की पुढचा माणूस त्यांचे टाके गुपचूप उसवतो आणि नीट घालून ठेवतो. हे कोणी कधी बोलून ठरवलं नाही. अनवरी करते, मी करते, काव्या करते. पुढच्या रविवारी मामा काम हातात घेतात, "बघा, जमतंय की अजून," म्हणतात, आणि आम्ही म्हणतो, वा मामा.

"पायरीवर काय होतं, मामा?"

"अय्यो, मी छपरं बघत होतो अक्का. नक्ष्यात जे चौकोन मला दिलं तेवढंच बघतो मी. सवय." त्यांनी आपले हात मांडीखाली दाबून धरले. मग फार हळू आवाजात म्हणाले, "अक्का, एक विचारू का? मीच काढलं असंल का ते? हल्ली काय करतो ते माझं मलाच कळत नाही. हात माझं ऐकत नाही."

"छे हो, तुम्ही नाही."

"तुला कसं माहीत?"

मला सगळंच एका झटक्यात कळलं होतं. पण ते त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. चहा तसाच टाकून मी उठले.

५

जुळे सोलापूरला काव्यानं दार उघडलं आणि कापड माझ्या हातात बघून तिचा चेहरा पडला.

"राखाडी लडी तू नेलीस," मी म्हटलं.

ती पलंगावर बसली. "काकू, सकाळी मामा समोर होते. त्यांच्यासमोर कसं सांगणार होते मी? मी ऋतुजाचं नाही काढलं. मामांचं काढलं. नेहमी काढतो तसंच!"

"मामांचं होतं हे तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? ढिले टाके. नक्ष्यात नसलेलं काहीतरी, पायरीच्या मधोमध, एक गोळाच झालेला. आणि मी तिरपं धरून बघितलं, काकू, नीट बघितलं. वरचा टाका उजवीकडे होता. ऋतुजाचा असता तर डावीकडे नसता का? तिच्या टाक्याला मी हात लावीन का?"

ती खरंच नीट बघणारी मुलगी आहे. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, म्हणून तर मला तिच्यावर रागावता येईना. मी फोन काढला आणि मुक्ताबाईंना लावला. आवाज खोलीत ऐकू येईल असा केला.

"मुक्ताबाई, दवाखान्यात ऋतुजाला सलाईन कुठल्या हाताला होती?"

"डाव्या की. हात ह्यो एवडा सुजला हुता. मग उजव्यानंच टोचायची. लई चिडायची, म्हनायची, आई, चांगलं येत न्हाय गं, तू येडीवाकडीच आलीस." "का वो ताई? गावलं का काय?"

"येते संध्याकाळी," म्हटलं आणि फोन ठेवला.

काव्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. ऋतुजाच्या शेवटच्या टाक्यांवर ऋतुजाची खूण नव्हती. आजारी पोरीनं सवय नसलेल्या उजव्या हातानं घातलेले ते टाके मामांच्या टाक्यांसारखे दिसले, आणि मामांवरच्या मायेपोटी तिच्या मैत्रिणीनं ते साफ करून टाकले. विमा कंपनीत असते तर मी खाली सही केली असती, दोष कोणाचाच नाही. पण मुक्ताबाईंना त्याचा काय उपयोग?

"उसवलेला दोरा?" मी विचारलं.

"केरात," काव्या म्हणाली. "फोटो पण नाही. चुकीचा कशाला कोण फोटो काढतं?"

६

कुंभारीला पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. रिक्षात आम्ही दोघींनी ठरवलं होतं : मुक्ताबाईंना एकट्यांना सांगायचं, मामांपर्यंत काही जाऊ द्यायचं नाही. पण गल्लीत वळलो आणि बेत तिथंच फसला. तिसऱ्या घराच्या पायरीवर मुक्ताबाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या, आणि त्यांच्यासमोर, जमिनीवर, नरसय्यामामा बसले होते.

"या ताई," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा सकाळपेक्षा मोकळा होता. "मामांनी सांगितलं समदं. हात कापतोय त्यांचा, चुकून उसवलं त्यांच्याकडनं. व्हतंय की. म्हातारा मानूस. मी म्हनलं, मनाला लावून घेऊ नका. पोरगीनं मला घातलं हुतं न्हवं? बास झालं मला."

मामा माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "आठवत नाही मला अक्का. पण मीच असंल. दुसरं कोण?"

खरं सांगते, मला वाटलं, इथंच थांबावं. आईला हवं ते उत्तर मिळालं होतं. म्हाताऱ्याला माफी मिळाली होती, न केलेल्या गोष्टीची का असेना. कोणाचं काय बिघडणार होतं? आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं खोदून काढलेली मी, हे एक खोटं गिळायला अगदी तयार होते. मी काव्याचा हात दाबला.

तिनं तो सोडवून घेतला.

"मामा, तुम्ही नाही. मी काढलं."

आणि तिनं सगळं सांगितलं. रडत, अडखळत, पण सगळं. मला वाटलं होतं मामांचं नाव ती कसंतरी टाळेल. टाळणार कसं? ते टाके मामांचे वाटले म्हणून काढले, याशिवाय त्या गोष्टीला काही अर्थच नव्हता.

मामा बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "नेहमी काढतो म्हणजे?"

काव्यानं माझ्या हातातलं कापड घेऊन छातीशी धरलं.

"म्हणजे ह्यातलं छपरं..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अक्का, छपरं कोणाचं आहे?"

मी नोकरीत मोठमोठ्या वकिलांना उत्तरं दिली आहेत. त्या म्हाताऱ्याला मात्र मला उत्तर देता आलं नाही. त्यांना ते न देताच कळलं. ते उठले आणि आपले हात सदऱ्याच्या खिशात घालायला लागले. खिसा सापडायलाही त्यांना वेळ लागला.

मुक्ताबाईंनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता ही बाई पोरीच्या थोबाडीत देणार. दिली असती तर बरं झालं असतं. पण त्या उठून काव्याजवळ आल्या आणि तिची हनुवटी वर केली.

"पोरी, मंग तू तर बगितलं असशील न्हवं? इतकं जवळनं तूच बगितलंस. मला चष्मा न्हवता. सांग की, कशी दिसत हुते मी?"

काव्यानं नकारार्थी मान हलवली.

"बसले हुते का? तोंड कुनीकडं हुतं? मांडीवर सूप घातलं हुतं का तिनं?"

"मावशी..." काव्या म्हणाली. "मी नाही बघितलं. मला फक्त चूक दिसली."

मला असह्य झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "मुक्ताबाई, आम्ही पुन्हा भरून देतो. हिरवं लुगडं, तुम्ही सांगाल तसं. उजव्या हातानं, डाव्या हातानं..."

"नको वो ताई," त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे. "तितं तुमी कुनाची बाय बसवाल?"

त्या पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या आणि सूप मांडीवर घेतलं. पान कापलं, तंबाखू भरली, विडी वळली. आम्ही तिघं अंगणात उभे होतो. उद्या सकाळी प्रदर्शन उघडणार होतं. ते कापड पुन्हा फ्रेममध्ये घालून तिथं लावायचं की त्यांच्याकडेच ठेवायचं, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आमच्यापैकी कोणाला विचारायची हिंमत झाली नाही.